साळूबाईच्या दारातल्या पांढऱ्या छत्र्या

"निघाल्या! निघाल्या!" अशी ओरड झाली आणि अख्खं गाव साळूबाईच्या दाराकडे धावलं. ओलं गोणपाट बाजूला फेकलेलं, आणि खालच्या उसाच्या पाचटावर आठ-दहा पांढऱ्या छत्र्या. बाया पदर तोंडाशी धरून मागे सरकल्या. साळूबाई उंबऱ्यातच मटकन बसली.

"भानामती करनारीच्याच दारात ह्या उगवतात! म्या सांगितल्तं का न्हाई?" बद्रीनाथबाबा गरजला. गावातली पुष्पाबाई कुत्र्यासारखी भुंकायला लागली तेव्हा तिला डॉक्टरकडे न्यायचं सोडून गावाने या बाबाला आणलं होतं. त्याने बोट दाखवलं ते एकट्या राहणाऱ्या साळूबाईकडे, आणि विधी सांगितला: तिच्या दारात पाचट अंथरून गोणपाट झाकायचं, सात दिवस पाणी घालायचं; छत्र्या उगवल्या तर करणी तिचीच.

"मंग आजच काढा हिला गावाबाहेर," गावात ज्यांचा शब्द चालतो त्या रामरावांनी काठी आपटली.

खोटं कशाला सांगू, मी घाबरले होते. जालन्याहून बदलून आलेली शाळेतली मास्तरीण मी, मला कोण विचारतं? आणि माझा प्रयोग फसला असता तर साळूबाई गेलीच होती.

"रामराव, आधी तुमच्या गोठ्यात चला," मी म्हणाले.

गोठ्यात, त्यांच्या बायकोला, उषाबाईंना सांगून, मी आठ दिवसांपूर्वी दोन टोपल्या ठेवल्या होत्या. दोन्हींत रामरावांचंच कुजकं पाचट. एकीवर गोणपाट आणि रोज दोनदा पाणी, दुसरी कोरडी. गोणपाटाला हात लावला, पण ते उचलायचा धीर होईना. शेवटी डोळे मिटून ओढलं.

"अगं माय!" कुणीतरी किंचाळलं. डोळे उघडले तर बारा छत्र्या! कोरड्या टोपलीत एकही नाही.

"बोला बाबा, रामराव भानामती करतात?"

"बाधा... बाधा हिकडं बी आली," बाबा चाचरला. लोक हसले. रामराव मात्र हसले नाहीत.

मी सांगितलं, "ह्या अळंब्या आहेत. यांचं बी डोळ्यांना दिसत नाही इतकं बारीक असतं, वाऱ्याने सगळीकडे पडतं. ओल, ऊब आणि कुजका पाला मिळाला की रुजतं, कोरड्यात नुसतं पडून राहतं. पाचट अंथर, गोणपाट झाक, सात दिवस पाणी घाल, हा बाबांचा विधी म्हणजे अळंबीची शेतीच!"

बाबा गर्दीतून सटकू लागला. रामरावांनी त्याला काठी आडवी घातली.

साळूबाई मागे येऊन उभी होती. "मॅडम, पानी म्या सोताच घातलं हो," ती म्हणाली. "दोन्ही टायमाला, बिलकुल न चुकता. वाटलं, माझ्यावरचा आळ जाईल."

मला रडू आवरेना. म्हणून हात जोडून सांगते, कुणा बाईला गावाबाहेर काढण्याआधी एवढं तरी विचारा: पाणी घालायला कुणी सांगितलं होतं?