उकळणारा खडा

ताटलीतल्या काळ्या खड्यावर पांढरा फेस फसफसत वर आला आणि भरगच्च गल्ली दोन पावलं मागे सरली. उकळीबाबाने डोळे मिटले. "सापडली चेटकीण," तो म्हणाला. खडा जिच्या मुठीतून आला होता, त्या बाईच्या पाठीत लगेच लाथ बसली. ती मारली तिच्या सख्ख्या दिराने.

मी या गल्लीची डॉक्टर. गल्ली दगड कापणाऱ्यांची, एका बाजूला संगमरवर, दुसऱ्या बाजूला ग्रॅनाइट, आणि ताटातल्या भातावरसुद्धा धूळ. इथले पुरुष ऐन उमेदीत खोकून खोकून मरतात. ही धूळ फुप्फुसात साचते, हे मी घसा फुटेस्तोवर सांगत आले. पालथ्या घड्यावर पाणी. ऐकलं ते एकाच बाईने. नवरा गेल्यावर ती दगडाला पॉलिश करायला लागली आणि करवतीवर पाणी सोडा, धूळ बसेल, म्हणून मालकाच्या मागे लागली. थोड्याच दिवसांत मालकाच्या पाहुण्यांच्या खोलीत हा बाबा उतरला. माणसांना धूळ खात नाही, चेटकीण खाते, असं त्याने जाहीर केलं. चार विधवांच्या मुठीत त्याने एकेक काळा खडा दिला आणि मग ताटलीत ठेवून त्यावर काचेच्या बाटलीतलं 'सत्यजल' ओतलं. तिघींचे खडे गप्प राहिले, फेसाळला तो हिचाच.

निरोप मिळताच मी धावले, तरी पोचेपर्यंत तिचा हात दगडावर दाबून दोन बोटं हातोडीने फोडली होती. दीर तिसऱ्या बोटासाठी हातोडी उचलत होता. त्याचा मुलगा महिनाभर खोकत होता. माणूस क्रूर नव्हता, घाबरला होता, आणि घाबरलेला माणूस जास्त जोराने मारतो. मागून कुणीतरी तिला जिवंत सोडू नका असं ओरडत होतं.

मी मध्ये पडले. हातोडी माझ्या खांद्याला चाटून गेली, डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि त्याच वेळी नाकात वास घुसला. हा तर मोरी घासायच्या ऍसिडचा वास! मी ताटली उचलून दिराच्या तोंडापुढे धरली.

"तुझा जन्म दगडात गेला. हा दगड कुठला, सांग."

त्याने पाहिलं. फेसाबरोबर वरची काजळी धुऊन गेली होती आणि आतून पांढरंशुभ्र दिसत होतं.

"संगमरवर," तो म्हणाला.

उरलेल्या तिघींचे खडे त्याने न विचारताच नखाने खरवडले. तिन्ही ग्रॅनाइट निघाले.

"आणि संगमरवरावर ऍसिड सांडलं तर?"

"फेस येतो. फरशी वाया जाते," तो पुटपुटला. गल्लीतलं शेंबडं पोरही हे जाणतं.

बाबा म्हणाला, पापी हाताच्या स्पर्शाने दगडाची जात बदलली. मी त्याची बाटली घेतली आणि भंगारातल्या संगमरवराच्या तुकड्यावर थोडं ओतलं. फेस. शेजारच्या जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीवर ओतलं. पुन्हा फेस.

"ही बादली कुणाला खाऊन आली, बाबा?"

एक म्हातारी फिस्सकन हसली. बाबाचा तोल सुटला. बाटली हिसकावून त्याने माझ्यावर भिरकावली. दिराने हात आडवा घातला आणि बाटली त्याच्याच कोपरावर फुटली. तो गुरासारखा ओरडला. मी त्याला नळाखाली ओढलं आणि वाहत्या पाण्याखाली त्याचा हात धरून ठेवला. तोवर जमाव त्याच हातोड्या घेऊन बाबावर धावला होता. पोलीस येईपर्यंत बायकांनी कडं करून त्यालाही वाचवलं. मालक म्हणाला, मी फक्त खोली दिली होती.

सत्यजल म्हणजे हायड्रोक्लोरिक ऍसिड. संगमरवरातल्या चुनखडीला ते भिडलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो. सोड्याच्या बाटलीत बुडबुडे असतात तोच वायू. जस्तावर पडलं तर हायड्रोजन सुटतो. ग्रॅनाइटवर असा फेस येत नाही, आणि काचेला तर काहीच होत नाही. कुणाच्या मुठीत कुठला खडा द्यायचा, हे बाबाने आधीच ठरवलं होतं.

दवाखान्यात मी तिची बोटं बांधत होते. भाजलेला हात सावरत दीर दारात उभा राहिला. रडत होता.

"वहिनी, त्याने आम्हाला फसवलं."

"खडा त्याने दिला, भाऊजी," ती म्हणाली. "हातोडी तुमची होती."

ती बोटं आता मिटत नाहीत. पॉलिशचं काम तिला कायमचं सोडावं लागलं. करवतींवर पाणी मात्र सुरू झालं, कारण दुसऱ्या दिवशी दिरानेच, पाणी सुटेपर्यंत काम नाही म्हणून, सगळ्या करवती बंद पाडल्या.

मला त्या बाबाचं नवल वाटत नाही. भोंदू पैशाला पासरी मिळतात. नवल वाटतं ते आयुष्यभर दगड हाताळणाऱ्या माणसांचं. फेस आला आणि एकानेही खाली वाकून दगडाकडे पाहिलं नाही. तुमच्यापुढेही कुणी काही उकळून दाखवील. खाली काय आहे, वर काय ओतलं, हे विचारा. लोक हसतील, रागावतील, तरी विचारा. आणि हात उचलण्याआधी विचारा.