लिफ्टवाला उठला की

"मोडलं!" काकांनी फोन मांडीवर आपटला. "चहाचा कप ठेवायला उठलो गं फक्त. तेवढ्यात टेबल मोडलं."

"हाक मारायची होती, मी नेला असता कप," आतून काकू म्हणाली. तिचं शिलाई मशीन चालूच होतं. "एवढ्या मोठ्या माणसानं कशाला उठायचं?"

मोडलेलं टेबल फोनमधलं होतं. हिरवी लंबगोल चटई, भोवती सहा खुर्च्या, प्रत्येक खुर्चीत टोपणनावानं बसलेलं कुणीतरी. पोकरच्या या प्रकारात खेळ संपायची ठरलेली वेळ नसते. खरे पैसे घेऊन केव्हाही बसायचं, केव्हाही उठायचं. एकेक जण उठत दोघंच उरले की तेही निघून जातात. त्याला टेबल मोडणं म्हणतात. काकांचं तिथलं नाव लिफ्टवाला. वर्षापूर्वीपर्यंत ते खरोखरच लिफ्ट दुरुस्त करायचे. मग कामावरून घरी आले आणि पुन्हा गेलेच नाहीत. आता घर काकूच्या मशीनवर चालतं. शाळेच्या गणवेशांचा ढीग खोलीतल्या एकुलत्या पलंगावर असतो.

"पूर्वी टेबलं दिवस दिवस चालायची," काका मला म्हणाले. "आता माणसांना दमच राहिला नाही. माझी पानं जरा फिरायला लागली की हे पळाले. तू सायन्सवाली ना? मग शोधून दे, टेबलं मोडतात का ते."

"आणि शोधून काय करणार?"

"दुपारी फोरमनचा फोन यायचाय. नव्या इस्पितळाच्या लिफ्टचं काम आहे. हो म्हटलं तर उद्यापासून कामावर. नाही म्हटलं तर तो दुसरा माणूस घेणार, पुन्हा विचारायचा नाही." त्यांनी आवाज खाली आणला. "टेबलाचं दुखणं सापडलं ना, तर मला कुणाच्या हाताखाली जायची गरज नाही."

मशीन थांबलं. थोड्या वेळानं मी पाणी प्यायला आत गेले, तर काकू सुईत दोरा ओवत होती. तिनं मान वर केली नाही. "जे दिसेल ते सांग त्यांना," ती म्हणाली. "माझं बोलणं ते मशीनच्या आवाजात धरतात."

मी प्राणिशास्त्र शिकले आहे. पाणवठ्याजवळ लपून बसायचं, कोण येतं, कुणामागून कोण येतं, कोण गेल्यावर कोण जातं ते पाहायचं, हे आम्ही शिकलो होतो. इथंही तसंच करता येत होतं. न खेळता टेबल नुसतं पाहायची सोय होती. काका खोलीच्या मधोमध खुर्चीत बसले. मी भिंतीला टेकून माझ्या फोनवर तेच टेबल उघडलं.

"एक नियम सांगून ठेवतो," काका म्हणाले. "टेबलावर एक गिऱ्हाईक लागतं. म्हणजे कच्चा खेळाडू, हरणारा. तो आहे तोवर सगळे बसतात. तो उठला की सगळे उठतात. आपापसात खेळून कुणाला काय मिळणार?"

"मग तुमच्या टेबलावरचं गिऱ्हाईक कोण?"

"तेच तर कळत नाहीये. तेवढं हुडकून दे."

ते रिकाम्या टेबलावर बसले. लगेच समोर 'वादळ' येऊन बसला. मग 'राणीसाहेब', मग आणखी तिघं. सहाही खुर्च्या भरल्या आणि बाजूला वाट पाहणाऱ्यांची रांग दिसायला लागली. "बघितलंस?" काका खुशीत म्हणाले. "मी बसलो की रांग लागते. नावाचा दबदबा आहे तुझ्या काकाचा. या राणीसाहेब तर रोज असतात. मी डाव हरलो तरी लिहितात, छान खेळलात."

शेजारची टेबलं अर्धी रिकामी होती.

"काका, जरा उठून गॅलरीत जाऊन या."

"चालू खेळातून?"

"प्रयोग आहे."

त्यांनी कुरकुरत फोनमधलं टेबल सोडलं आणि ते गॅलरीत गेले. 'वादळ' चालू डाव संपायचीही वाट न पाहता निघून गेला. मग राणीसाहेब गेल्या. रांग नाहीशी झाली. काकांनी गॅलरीचं दार पुन्हा लावेपर्यंत पडद्यावर नुसती हिरवी चटई होती.

"मोडलं ना?" त्यांनी विचारलं. "कोण उठलं आधी?"

"तुम्ही."

"मी सोडून गं."

मी त्यांचा फोन मागितला आणि माझा त्यांच्या हातात दिला. "आता तुमच्या जागी मी बसते. तुम्ही नुसतं बघा."

मी लिफ्टवाल्याला पुन्हा रिकाम्या टेबलावर बसवलं. तेच सगळे आले. रांग लागली. मग मी त्याला उठवलं. काका वाकून माझ्या फोनकडे पाहत होते. ते नसतानाचं टेबल त्यांनी कधी पाहिलेलंच नव्हतं. खुर्च्या एकेक करून रिकाम्या झाल्या. राणीसाहेब काही न लिहिता गेल्या.

"पुन्हा कर," काका म्हणाले.

मी पुन्हा केलं. या वेळी खुर्ची रिकामी व्हायच्या आत ते एकेकाचं नाव पुटपुटत होते. कोण केव्हा उठेल हे त्यांना आता आधीच कळत होतं.

"आणखी एकदा बसव," ते म्हणाले. मी बसवलं. त्यांनी माझा फोन मला परत दिला, स्वतःचा घेतला, आणि तेवढ्यात तो वाजला. फोरमनचं नाव पडद्यावर आलं. त्याखाली टेबल झाकलं गेलं.

काकू दारात आली. तिच्या हातात बाही न लावलेला सदरा होता. "घ्या ना फोन," ती म्हणाली. वर्षभरात तिचा इतका मऊ आवाज मी ऐकला नव्हता.

"काका, दिसलं ना तुम्हाला?" मी म्हटलं.

"दिसलं गं."

फोन वाजत राहिला. काकांनी अंगठा उचलला आणि फोरमनचं नाव बाजूला सारलं. खाली टेबल होतं. तिथं सगळे आले होते.

"काका!"

"फोरमनला माझ्यासारखे ढीगभर मिळतील," ते शांतपणे म्हणाले. "इतकी वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. मी कामावर जायचा थांबलो, तर एकही लिफ्ट थांबली नाही. घरातही बघ. मी उठलो काय, बसलो काय." त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. रांगेत आणखी एक नाव वाढलं होतं. "इथं मी उठलो की सगळं बंद पडतं."

"अहो, ते तुम्हाला खातायत!" काकू ओरडली.

"माहीत आहे," काका म्हणाले. "आत्ताच कळलं."

फोन पुन्हा वाजला नाही. काकू सदरा हातात घेऊन तशीच उभी राहिली. मग आत गेली आणि मशीन चालू झालं. काकांचा दुसरा चहा माझ्याजवळ जमिनीवर गार झाला होता; मी कप त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन घोटांत संपवला आणि ठेवायला इकडेतिकडे पाहिलं. जवळ टेबल नव्हतं, खिडकीची कड हात पुरेल इतक्या अंतरावर नव्हती. ते एका हातात कप, एका हातात फोन धरून बसून राहिले.

मशीन थांबलं. काकू बाहेर आली, त्यांच्या हातातला कप घेतला आणि आत निघून गेली.