बहिरी ससाण्यांचा शेजारी

मी एक जुना कॅमेरा आहे. उन्हाने माझी पाठ पिवळी पडली आहे, आणि आता मी एका घरात औषधांच्या डब्याशेजारी फळीवर बसून असतो. माझी वायर केव्हाच काढून टाकली आहे. पण मित्रांनो, मी दुःखात आहे असे समजू नका. ज्या गोष्टीचा मला घोर लागला होता ती निभावली. ती कशी निभावली हे सांगताना अजूनही माझा जीव भांड्यात पडतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला आणि पहिली नेमणूक मिळाली ती एका उंच इमारतीच्या तळघरात. तिथे गाड्या लावत. दिवसभर मला गाड्यांचे टप आणि माणसांची टकले दिसत. आपली गाडी शेजारच्या गाडीला घासली की माणूस आधी डावीकडे बघतो, मग उजवीकडे बघतो, आणि सगळ्यात शेवटी वर माझ्याकडे बघून कसनुसा हसतो. एवढीच माझी करमणूक होती.

त्या इमारतीची देखभाल एक बाई पाहत. जिन्यातल्या दिव्यापासून गच्चीवरच्या टाकीपर्यंत सगळे त्यांच्याच गळ्यात. लहानथोर सगळे त्यांना ताई म्हणत. गच्चीच्या कठड्याखाली एक अरुंद सज्जा होता, आणि एके वर्षी तिथे बहिरी ससाण्यांची जोडी येऊन राहिली. हे पक्षी रानात उंच कड्यांवर राहतात. आमची इमारत त्यांना कडाच वाटली असणार! ते काड्या गोळा करून घरटे बांधत नाहीत. बारीक खडीत छातीने खळगा करतात आणि त्यात अंडी घालतात. सज्ज्यावर खडी कुठली? गुळगुळीत सिमेंटवरून अंडी घरंगळली आणि फुटली. मादी कितीतरी वेळ रिकाम्या जागेवर बसून होती, असे ताई सांगतात.

पुढच्या हंगामाआधी ताईंनी एक लाकडी खोका करवून घेतला, त्यात खडी भरली आणि काचा पुसणाऱ्या माणसाकरवी तो खाली सज्ज्यावर ठेवला. हा माणूस दोराने लटकून इमारतीच्या काचा पुसत असे. सगळे त्याला लोंबकळे म्हणत. ते त्याचे आडनाव नव्हते, पण तो हाकेला ओ द्यायचा.

त्याच सुमारास ताईंच्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, अर्धांगवायूचा झटका आला. अण्णांनी आयुष्यभर बंदरावर क्रेन चालवली होती. आता उजवे अंग हलेना आणि जीभ वळेना. महत्प्रयासाने एखादा शब्द यायचा, तोही अर्धामुर्धा. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. मग एके दिवशी ताई शिडी घेऊन तळघरात आल्या, मला काढले आणि लोंबकळ्यांच्या हातात देत म्हणाल्या, "हा वर लावा, ससाण्यांच्या शेजारी. अण्णांना भिंतीपेक्षा बरं काहीतरी बघायला मिळू दे."

मित्रांनो, माझे दिवस असे पालटले! कुठे ते तळघर आणि कुठे हे उघडे आभाळ! मला दिसे तसे ऐकूही येई, आणि माझे चित्र अण्णांच्या खाटेसमोरच्या पडद्यावर जाई. इंटरनेटवरूनही ते कुणालाही पाहता येई. मी मादीला मनातल्या मनात बाईसाहेब म्हणत असे. ती नरापेक्षा चांगलीच थोराड होती आणि तिची नजर अशी होती की मलाच माझी काच झाकून घ्यावीशी वाटे. तांबूस अंडी, मग कापसासारखी पांढरी पिल्ले, बापाने आणलेले कबूतर, चोचीचोचीने भरवणारी आई. शाळेतली मुले मला पाहत, कचेरीतले लोक काम सोडून पाहत. ससाण्याचे पिल्लू पहिल्यांदा उडाले तेव्हा आपले दूध उतू गेले, असे एका बाईंनी कळवले. अण्णांनी भिंतीकडचे तोंड वळवले ते कायमचे.

पण कौतुकाला ओहोटी लागतेच. माझ्या काचेवर धूळ बसली, शिटा पडल्या. पुसू पुसू म्हणता राहून गेले, आणि पुन्हा अंडी दिसल्यावर जवळ जाता येईना, कारण अशा वेळी पक्ष्यांना बिचकवायचे नसते. चित्र धुरकट झाले. लोक कंटाळून दुसरीकडे वळले. इमारतीच्या साहेबांनी ताईंना विचारले, "तो कॅमेरा बंदच करून टाकायचा का?"

"राहू द्या," ताई म्हणाल्या. "अण्णा बघतात."

म्हणजे मला पाहणारे जगात एकच माणूस उरले होते.

त्या वर्षी तीन पिल्ले होती. अंगावर अजून पांढरी लव होती. एके सकाळी नराने कबूतर आणले, कबुतराच्या पायाला नायलॉनचा लांब दोरा लोंबत होता. बाईसाहेबांनी कबूतर फाडून भरवले. दोरा तिथेच पडला. सगळ्यात धाकटे पिल्लू त्यात पाय घालून बसले. दोऱ्याचे दुसरे टोक खोक्याच्या खिळ्याला अडकले. पिल्लू ओढू लागले तसा फास आवळत गेला. आई घास घेऊन आली की मोठी दोघे पुढे धावत, हे मागच्या मागे धडपडे. त्याचा पाय सुजू लागला.

मी सगळे पाहत होतो. पाहणे एवढेच मला येते. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या जन्माचा राग आला.

पुढे घरी काय झाले ते मी तिथे नसूनही मला पाठ आहे, कारण ताई ते येईल त्याला सांगतात. दुपारी त्या अण्णांना सूप भरवत होत्या. अण्णांनी चमचा बाजूला सारला.

"दोरा," ते म्हणाले.

"कसला दोरा, अण्णा? चादरीचा निघालाय का?" ताईंनी चादर चाचपून पाहिली.

"दोरा. धाक... धाकटा."

"धाकटा आज नाही येणार. रविवारी येतो म्हणालाय." त्यांना वाटले, अण्णा त्यांच्या भावाची आठवण काढताहेत.

अण्णांनी डाव्या हाताने खाटेवर दणका दिला आणि पडद्याकडे बोट केले. ताईंनी वाकून पाहिले. शिटांच्या डागांमधून एक बोटभर फट तेवढी स्वच्छ होती. "मला तर नुसतं धुकं दिसतंय हो!"

"वर," अण्णा म्हणाले. "जा."

ताई सांगतात, त्या वेळी त्यांनी अण्णांचा चेहरा पाहिला. अण्णा रडकुंडीला आले नव्हते, चिडले होते. झटका आल्यापासून ते पहिल्यांदाच चिडले होते. ताईंनी वाटी खाली ठेवली, शेजारच्या काकूंना अण्णांपाशी बसवले आणि पायात सापडल्या त्या चपला घालून निघाल्या. त्या दोन्ही एकाच पायाच्या होत्या, हे इमारतीत पोचल्यावर कळले.

थोड्या वेळाने कठड्यावरून एक लांब दांडा खाली आला. त्याच्या टोकाला ओला स्पंज होता. एकदा, दोनदा, आणि माझे जग लख्ख झाले! वरून ताईंचा आवाज आला. त्या मोबाइलवर माझेच चित्र पाहत होत्या. "अगं बाई गं! खरंच की, दोरा!"

मग पळापळ झाली. पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाई आल्या, लोंबकळे दोर बांधून तयार झाले. बाईसाहेब गच्चीभोवती घिरट्या घालत किंचाळत होत्या.

"हिला बहिरी म्हणतात ना? मग ही बोंबलते कुणासाठी?" लोंबकळ्यांनी विचारले.

"नाव बहिरी असलं तरी कान तिखट आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि नखं कानांहून तिखट. हेल्मेट काढू नका. ही छत्री उघडी धरा डोक्यावर. झडप घालेल ती छत्रीवर."

"माझ्या बायकोला एवढं सांगू नका. तिला वाटतं, मी नुसत्या काचा पुसतो."

छत्री खाली येताना मला दिसली. पहिल्याच झडपेत तिची एक काडी मोडली, दुसरीत कापड फाटले. फाटक्या छत्रीखालून लोंबकळ्यांचा हात आला. त्यांनी खिळ्यापाशी दोरा कापला, पिल्लाला अलगद कापडी पिशवीत घेतले आणि "चल रे सोन्या" म्हणत वर गेले.

सज्जा एकदम शांत झाला. उरलेली दोन पिल्ले कोपऱ्यात चिकटून बसली. बाईसाहेब माझ्यासमोर उतरल्या आणि सरळ माझ्या काचेत पाहू लागल्या. त्या काय विचारत होत्या, कोण जाणे. मला नुसते वरचे ऐकू येत होते.

"फार रुतलाय. पाय गार लागतोय."

"जाईल का हो पाय?" ताईंचा आवाज.

"जरा थांबा. बोलू नका."

वाऱ्याने फाटकी छत्री फडफडत होती तेवढीच. शेवटी कात्रीचा बारीक आवाज झाला.

"हं. सुटला." थोड्या वेळाने डॉक्टरीणबाईंचाच आवाज आला, पण किती वेगळा! "हात लावा, हात लावा इथे. ऊब येतेय बघा."

पिल्लाला परत खडीत ठेवून लोंबकळे छत्रीखालून माझ्याकडे वाकले. त्यांचे नाक मला भोपळ्याएवढे दिसले. "अण्णा!" ते ओरडले. "आलाय बघा तुमचा धाकटा!"

तिकडे खाटेवर अण्णा वाकड्या तोंडाने हसले, डाव्या हाताने डोळे पुसले आणि शेजारच्या काकूंना म्हणाले, "सूप. गार." झटका आल्यापासून त्यांनी आपणहून खायला मागितले ते तेव्हा पहिल्यांदा. काकूंनी सूप गरम करून आणले, तर त्यांनी वाटी चाटूनपुसून रिकामी केली.

बाईसाहेब परतल्या, पण मानवी हात लागलेल्या पिल्लाला त्या जवळ घेतील की नाही, ही धाकधूक मला होतीच. माझे अज्ञान! त्यांनी मांसाचा तुकडा तोडला आणि समोर जी चोच आली तिच्यात घातला. ती धाकट्याचीच होती. उपाशी पोराने भावंडांना चक्क ढकलले होते. काही दिवस ते एक पाय उचलून लंगडले. मग एका सकाळी त्याने तो पाय खडीवर टेकला, जरा थांबले, आणि चालू लागले. हायसे वाटणे म्हणजे काय, ते मला त्या सकाळी कळले.

मोठी दोघे आधी उडाली. धाकटा सज्ज्याच्या कडेवर पंख झाडायचा आणि मागे यायचा. शेवटी वाऱ्याच्या एका झोताने त्याचा विचार पक्का केला. तो खाली गेला, दिसेनासा झाला, आणि समोरच्या छपरावर धडपडत, तोंडावर पडता पडता उतरला. त्या दिवशी मला पुन्हा हजारो लोक पाहत होते.

पुढे माझ्या पोटात दमट हवा शिरली आणि मी निकामी झालो. माझ्या जागी नवा कॅमेरा आला. अंडी येण्याआधी लोंबकळे त्याची काच आठवणीने पुसतात, छत्री नसली तरी. ताईंनी मला फेकले नाही. "आमच्या घरचाच आहे हा," म्हणत त्या मला इथे घेऊन आल्या.

मित्रांनो, वस्तूंना फारसे काही लागत नसते. ओले फडके मिळाले तरी आम्ही वर्षानुवर्षे इमानाने काम करतो. तेवढी काळजी जरूर घ्या. पण मला माझ्यापेक्षा अण्णांविषयी सांगायचे आहे. संध्याकाळी ताई घरी येतात, पर्सही खाली न ठेवता खाटेपाशी उभ्या राहतात आणि विचारतात, "अण्णा, आज काय पाहिलंत?" अण्णांचे ओठ हलतात. शब्द यायला फार वेळ लागतो. चुकीचा येतो, परत जातो, दुसरा येतो. ताई त्यांच्याऐवजी वाक्य पुरे करत नाहीत. त्या थांबतात.

तुमच्याही घरात असे कुणी असेल, तर तुम्ही थांबा.