पेटीत जपलेली चप्पल

मित्रांनो, मी एक जुनी चप्पल आहे आणि माझा स्वभाव संशयी आहे. माझ्या जोडीदारणीचेही मला खरे वाटत नाही. दोघी एकाच कातड्याच्या, मग पॉलिश नेहमी आधी तिलाच का?

भोईवाड्यातल्या एका चांभाराने मला शिवले. गिरणीत काम करणाऱ्या रघूने मला आपल्या पुतणीसाठी, सुमतीसाठी घेतले. कोकणातल्या गावी चौथी पास होऊन ती पुढे शिकायला काकांकडे आली होती. ते संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांचे दिवस होते. चाळीत अनोळखी माणूस दिसला, की तो सीआयडीचा असेल अशी कुजबुज व्हायची. मला ते अगदी पटायचे.

गणपतीला सगळे गावी निघाले, तेव्हा काकी रमाबाई म्हणाली, "गावच्या चिखलात चप्पल फुकट जातली. पेटीतच ठेव." मी पत्र्याच्या पेटीत पडून राहिले. सुमती शेतात, अंगणात, परसाकडे अनवाणीच हिंडली. माझ्यात काय खोट निघाली, हेच मला कळेना.

दिवाळीपर्यंत तिचा चेहरा पिवळा पडला. जिना चढताना ती धापा टाकी आणि कुणी नसले की भिंतीचा चुना खाई. पोटात जंत झाले, हे रमाबाईने ओळखले. पण कुणामुळे? शेजारची घाटावरची मालन सुमतीला रोज गुळाचा खडा देत असे, आणि गोडाने जंत होतात याबद्दल चाळीत कुणालाच शंका नव्हती.

"माझ्या पोरीक तुझो गूळ नको," रमाबाई गॅलरीत सगळ्यांदेखत म्हणाली.

"वहिनी, मी काय इख देत हुते व्हय?" मालन म्हणाली आणि तिने दार लावून घेतले.

वावडिंगाचे काढे झाले, तरी पोरगी वाळतच गेली. एकदा शाळेत चक्कर येऊन पडली, तेव्हा तिला दवाखान्यात नेले. डॉक्टरीणबाईंनी तिच्या पापण्या ओढून पाहिल्या.

"गावी परसाकडे जाताना हिच्या पायात काय असतं?"

"काय नाय," रमाबाई अभिमानाने म्हणाली. "चप्पल पेटीत. जपतो आमी."

"मग तिथंच चुकलं. हे जंत ओल्या घाण मातीतून पायाच्या कातडीत शिरतात आणि पोटात जाऊन रक्त पितात. गुळाचा काय संबंध?"

औषधाने सुमती बरी झाली. रमाबाई मालनच्या दारात गेली. "पोरीक गूळ दी गो," म्हणाली.

"नगं वहिनी. उद्या परत काय झालं तर?"

मित्रांनो, मला जपू नका. चिखलात घाला, परसाकडे घाला, खुशाल झिजवा. सुमती आता मला सगळीकडे घालते. फक्त मालनच्या दारावरून जाताना, आवाज नको म्हणून, ती मला काढून हातात घेते.