राष्ट्राध्यक्षांच्या घराच्या खिडक्या

मित्रांनो, मी एक जुने लाकडी घर आहे. जॉर्जटाउन या आमच्या राजधानीत, समुद्राच्या बांधाजवळ, उंच खांबांवर उभे आहे. एकेकाळी माझ्यात देशाचे राष्ट्राध्यक्ष राहत असत. आता माझे संग्रहालय झाले आहे.

जंगलातले टणक लाकूड आणून सुतारांनी मला बांधले. मला खिडक्याच खिडक्या! घरकाम करणारी अल्रिका रोज सकाळी त्या सगळ्या उघडायची आणि गुडघ्यांवर बसून काथ्याने माझी जमीन घासायची. राष्ट्राध्यक्ष चिखलाचे बूट घालून आले, की कंबरेवर हात ठेवून म्हणायची, “बूट पायरीवर, साहेब! देश तुमचा असेल, जमीन माझी आहे.” साहेब निमूटपणे बूट काढायचे. माझ्या फळ्याही करकरून हसायच्या.

पुढे साहेब वारले. मग माझे भाग्य उजळले, असे वर्तमानपत्रांनी छापले. मला नवा रंग दिला, लोकांना अडवायला खोल्यांत दोऱ्या बांधल्या, आणि धूळ नको म्हणून खिडक्या खिळे ठोकून बंद केल्या. लोक तिकीट काढून येत, वाहवा करत आणि निघून जात. माझी विचारपूस कोणी करत नसे. दमट हवा आत कोंडली आणि मी कुजत गेले. एके दिवशी तपासनिसाने माझ्या तुळईत बोट खुपसले, ते पेरभर आत गेले. मला पाडून सिमेंटचे हुबेहूब घर बांधावे, अशी चर्चा सुरू झाली. मी फार घाबरले.

ते ऐकून म्हातारी अल्रिका काठी टेकत आली. दारातच नाक मुरडून संग्रहालयप्रमुख सुखदेवला म्हणाली, “काय रे, इथं लोक साहेबांचं घर बघायला येतात की बुरशी?” आणि ती थेट खिळे ठोकलेल्या खिडकीकडे वळली.

“आंटी, खिडकीला हात लावू नका. नियम आहे.”

“हात लावला नाहीत म्हणूनच सडलंय! लाकूड आहे ते, त्याला वारा लागतो. जा, पकड आण आधी.”

सुखदेव ओशाळला आणि पकड घेऊन आला.

पहिली खिडकी उघडली आणि समुद्रावरचा वारा आत शिरला. मला रडता येत असते, तर मी रडले असते. हळूहळू मी वाळले. कुजलेल्या तुळया बदलल्या, पाडापाडी टळली. अल्रिका मात्र पुन्हा आली नाही. तिला आता जिना झेपत नाही.

मित्रांनो, घर नुसते कुलपात ठेवून जपता येत नाही. त्यात वावरा, बोला, हवे तर भांडा. रोज संध्याकाळी सुखदेव खिडक्या लावतो आणि दारातून हाक देतो, “आत कोणी राहिलं नाही ना?” जरा थांबतो आणि किल्ली फिरवतो. तेव्हा मला ओरडून सांगावेसे वाटते, “नाही रे, कोणीच राहिलं नाही. तू तरी राहा ना!”