ट्वायलाचा दाखला

"मृत्युदाखला बदलायचा तर ज्यांनी माहिती दिली त्यांची सही लागेल," नोंदणी कार्यालयाच्या खिडकीतली मुलगी म्हणाली. "इथं नाव आहे मर्ल ऑस्टरग्रेन. तुमचे कोण हे?"

"मेहुणा," व्हर्ना म्हणाली. हा शब्द तिनं आयुष्यात पहिल्यांदाच उच्चारला होता.

व्हर्नानं एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. ट्वायला त्याच शाळेत नर्स. दोघी एका घरात राहायच्या आणि गाव त्यांना मैत्रिणी म्हणायचं. २००९ साली शेजारच्या आयोवा राज्यानं दोन बायकांची लग्नं मान्य केली, तेव्हा दोघी नदी ओलांडून गेल्या आणि लग्न करून आल्या. संध्याकाळी पूल उतरून नेब्रास्कात परतल्या, तेव्हा कायद्यानं पुन्हा नुसत्या मैत्रिणी झाल्या.

चार वर्षांनी ट्वायलाच्या मेंदूत रक्तस्राव झाला. दवाखान्यात सह्या तिच्या भावानं, मर्लनं केल्या, पुरायची जागा मर्लनं ठरवली, आणि दाखल्यावर 'अविवाहित' असंही त्यानंच लिहून दिलं. अंत्यविधीला चर्चमध्ये लोक रांगेनं येऊन त्याचा हात हातात घेत होते. व्हर्ना मागे, सातव्या बाकावर बसली होती.

आता, २०१५च्या जूनमध्ये, सर्वोच्च न्यायालयानं ही लग्नं देशभर मान्य केली होती.

मर्ल ओसरीवर मक्याची कणसं सोलत होता. व्हर्नानं कागद पुढे केला.

"दोन वर्षं झाली तिला जाऊन. आता कशाला उकरून काढतेस?"

"तू खोटं लिहिलंयस, मर्ल."

"मला काय ठाऊक तुमचं लग्नबिग्न?"

"लग्न केलं त्याच संध्याकाळी तिनं फोन केला होता तुला. तू ठेवून दिलास."

मर्लनं आणखी एक कणीस सोललं. त्याचे रेशीमधागे बोटांवरून निघेनात.

"हसत होती गं फोनवर," तो म्हणाला. "लहानपणी हसायची तशी. आण ते पेन."

सही वाकडीतिकडी झाली. कागद परत देताना त्यानं विचारलं, "तिच्याकडे जातेस कधी?"

"दर रविवारी. तू चर्चमध्ये असतोस तेव्हा."

तिनं कागदाची घडी घातली. मग गाडीकडे वळली.

तीन आठवड्यांनी नवा दाखला आला. वैवाहिक स्थिती: विवाहित. जोडीदार: व्हर्ना क्युबिचेक. खिडकीतल्या मुलीनं शिक्का मारला, कागद पाकिटात घातला आणि सहज, रोज कुणाला ना कुणाला म्हणत असेल तसं म्हणाली, "तुमची पत्नी गेल्याचं ऐकून वाईट वाटलं, मॅडम."

दोन वर्षांत हे तिला कुणीच म्हटलं नव्हतं.

व्हर्नानं पाकीट घेतलं. मागच्या माणसाला जागा द्यावी म्हणून ती बाजूला सरकली. मागे कुणीच नव्हतं. तरी ती तशीच, भिंतीला हात टेकून, उभी राहिली.