पंधराव्या वर्षाचा सराव

नीलिमाताईंनी नॉर्थ यॉर्कच्या घराचं बेसमेंट येसेनियाला दिलं ते काही दयेपोटी नव्हे. एल साल्वादोरची ही बाई ऑफिसं साफ करायची, आवाज करायची नाही, भाडं न मागता आणून द्यायची. येसेनियाचाही हिशेब होता. पूर्वी राहायच्या त्या टॉवरमध्ये तिच्या भाच्याला पोलीस नावानं ओळखू लागले, तेव्हा तिनं लेकीला, दानिएलाला, तिथून उचललं. या पत्त्यावर चांगली शाळा मिळत होती आणि पोर गणितात चमकू लागली होती.

दानिएलाला पंधरावं लागणार होतं. त्यांच्यात ते लग्नाच्या थाटात करतात, मुलंमुली जोडीनं नाचतात. रविवारी बेसमेंटमध्ये सराव ठरला. नीलिमाताईंनी एकच अट घातली, "बूट बाहेर हं!"

पोरं गुणी. मागच्या दाराशी भलेमोठे बूट ओळीनं लावून आत गेली. शेजारच्या राजननं ते खिडकीतून पाहिले आणि फोन फिरवला.

"वहिनी, तुमच्याकडे गँग जमलीय. पोलिसांना कॉल केलाय मी. थँक्यू नका म्हणू."

"अहो, नाचतायत ती!"

"मोज्यांवर?"

तोवर बेल वाजली. ऑफिसरनं विचारलं, ही माणसं इथे राहतात का? नीलिमाताई हो म्हणणारच होत्या, पण मागून त्यांचे यजमान शरदचंद्र मराठीत पुटपुटले, "अगं, बेसमेंट भाड्यानं द्यायला सिटीची परवानगी नाहीये. भाडेकरू म्हणालीस की संपलं."

"ती बाई कामाला येते," नीलिमाताई म्हणाल्या. "या पोरांना मी ओळखत नाही."

येसेनिया जिन्यातच उभी होती. एवढं इंग्रजी तिला येत होतं. पोरांना भिंतीशी उभं करून नावं उतरवली गेली.

"आंटी, टेल देम!" दानिएला ओरडली. आंटी दाराची कडी न्याहाळत राहिल्या.

पोलिसांना सांगून झालं होतं की इथे कोणी राहत नाही. मग राहू तरी कसं द्यायचं? मायलेकी जुन्या टॉवरमध्ये परतल्या.

"शाळा तरी सोडू नका," नीलिमाताई निघताना म्हणाल्या. "बसनं येईल ती."

"शाळा पत्ता विचारते, मिसेस नीलिमा," येसेनिया म्हणाली.

हिवाळ्यात राजन सांगत आला, "तुमची ती पोरगी टॉवरखाली पाहिली. त्या बाईच्या भाच्याबरोबर होती म्हणे, दोघांनाही पोलिसांनी गाडीत घातलं. मी म्हणालो नव्हतो?"

"म्हणाला होतात खरे," नीलिमाताई म्हणाल्या, आणि त्यांनी चहा टाकला.